ढापलेली पोझ कुणाच्या गोष्टीची?

मागच्या अंकात वेताळाच्या (म्हणजे इंग्रजीतल्या फँटमच्या) जुन्या कॉमिक्सवर लिहिताना जाता जाता एक वाक्य टाकलं होतं, की भल्याभल्या कॉमिक चित्रकारांनी दुसऱ्यांची चित्रं उचललेली आहेत. झालं, सातारा-सांगलीकडनं पत्रं यायला लागली ती अजून थांबेनात. काहींनी मला झापलंय, काहींनी स्वतःची पानं पाठवून "हे चालतंय का" विचारलंय, साताऱ्याच्या एकांनी प्रश्नासोबत कंदी पेढेपण पाठवलेत (पेढे संपले, उत्तर खाली आहे). बऱ्याच जणांनी नाव छापू नका म्हटलंय म्हणून कुणाचंच छापत नाही.

प्रश्न : सर, मी कराडचा, आर्टच्या दुसऱ्या वर्षाला आहे. एका दिवाळी अंकासाठी सोळा पानांचं कॉमिक करतोय, अजिंक्यताऱ्यावरच्या लढाईचं. त्यातल्या सहा-सात पोझ अमेरिकन सुपरहिरो कॉमिकमधून घेतल्यात, अंगरखा घातला, पागोटं दिलं, हातात ढाल-तलवार दिली. रूममेट म्हणतो ही सरळ चोरी आहे. मी म्हणतो बॅटमॅनचं पहिलं कॉमिकच ढापलेलं होतं, मग मलाच का बोलता? दोन पानं जोडलीत, खरं खरं सांगा.

उत्तर : खरं सांग म्हणालास म्हणून सांगतो, नंतर रुसू नकोस.

बॅटमॅनचं तुझं बरोबर आहे. १९३९ च्या मे महिन्यात डिटेक्टिव्ह कॉमिक्सच्या २७ व्या अंकात तो पहिल्यांदा आला, आणि त्या गोष्टीतल्या बऱ्याच चौकटी हेन्री व्हॅलेली नावाच्या चित्रकाराच्या आदल्याच वर्षी निघालेल्या 'गँग बस्टर्स' या लहान मुलांच्या पुस्तकातून बॉब केननं उचललेल्या आहेत, शेजारी शेजारी ठेवून बघितलं की हात, टोपी, खोलीचा कोपरा सगळं जुळतं. गोष्टसुद्धा 'शॅडो' नावाच्या रहस्यनायकाच्या १९३६ च्या एका कथेवरनं बेतलेली. मुखपृष्ठावरची दोरीला लटकलेली पोझ ॲलेक्स रेमंडच्या 'फ्लॅश गॉर्डन' या चित्रमालिकेतली. पण ह्याच केननं आणखी एक केलं जे लोक पटकन विसरतात, बॅटमॅन घडवण्यात बिल फिंगर हा लेखक त्याच्याएवढाच होता आणि तरी कित्येक दशकं पुस्तकावर नाव एकट्या केनचं छापलं गेलं. फिंगर १९७४ ला गेला आणि अधिकृत श्रेय मिळालं २०१५ ला. मला विचारशील तर पोझ ढापण्यापेक्षा हे कितीतरी वाईट, पण असो, तू पोझचं विचारलंयस.

त्या काळी अमेरिकेत कॉमिकवाल्यांना पानामागं पैसे मिळायचे आणि तेही तुटपुंजे, त्यामुळं जवळजवळ प्रत्येकाकडं गाजलेल्या चित्रकारांच्या कात्रणांची फाईल असायची, घोडा पाहिजे की हॅल फॉस्टर काढ, देखणा माणूस पाहिजे की रेमंड काढ, सावल्या पाहिजेत की मिल्टन कॅनिफ काढ. वॉली वुड नावाच्या चित्रकाराच्या नावावर तर एक वचनच आहे, की जे कॉपी करता येतं ते काढत बसू नका, जे ट्रेस करता येतं ते कॉपी करू नका, आणि जे कापून चिकटवता येतं ते ट्रेस करू नका. हे वाचून तुला हुरूप येईल म्हणून पुढचंही सांगतो, हा वुड त्या पिढीतल्या सगळ्यात तयार हातांपैकी एक होता, त्याला सगळं काढता येत होतं आणि मग तो आळशीपणाचे विनोद करत होता. आपल्याकडं क्रम उलटा होतो.

आता तुझी पानं. चौथ्या पानावर मावळा बुरुजावरून खाली उडी घेतोय ती चौकट बघ. पोझ झकास आहे, कारण ती काढणाऱ्याला ॲनॅटॉमी येत होती. पण ती पोझ उडणाऱ्या माणसाची आहे रे. छाती पुढं, पाय मागं सैल सोडलेले, मान वर, त्या गड्याला खाली पडायची भीतीच नाही कारण तो पडतच नाही. तुझा मावळा मात्र पडणार आहे, हातात ढालीचं वजन आहे, खाली दगड आहेत, त्यानं गुडघे पोटाशी घ्यायला पाहिजेत आणि नजर पाय टेकवायच्या जागेवर पाहिजे. तो बघतोय कुठं? आभाळात, कारण मूळ चित्रात तिथं कुणीतरी शत्रू होता आणि तुझ्या चौकटीत तिथं नुसता ढग आहे. शिवाय त्याच्या अंगावर उजेड उजवीकडनं आणि बुरुजावर डावीकडनं, म्हणजे एका चौकटीत दोन सूर्य. सहाव्या पानावर पण तेच, किल्लेदार रागावलाय असं खालच्या मजकुरात लिहिलंय आणि त्याचा हात मात्र कुणालातरी "थांब, मी आलो" म्हणतोय.

माझं सगळं म्हणणं एवढंच आहे. उचललेली पोझ दुसऱ्याच्या गोष्टीसाठी बेतलेली असते, तुझ्या गोष्टीत आणलीस तरी ती तिकडचंच काम करत राहते. दुसऱ्याच्या मापानं शिवलेला कोट घालून लग्नाला गेल्यासारखं, कोट भारीतला असतो पण खांद्यावर कळतंच. चोर म्हणायचं का नाही ते तुम्ही दोघं रात्री भांडून ठरवा, पण तुझी गोष्ट त्यानं कमजोर होतेय हे तर पानावर दिसतंय.

उचलूच नये असं मी म्हणत नाही हां. जॅक कर्बी या अमेरिकन चित्रकारानं १९७२ मध्ये 'डीमन' हे राक्षसाचं कॉमिक काढलं तेव्हा त्या राक्षसाचं तोंड सरळ फॉस्टरच्या 'प्रिन्स व्हॅलियंट' या चित्रमालिकेतून घेतलं, १९३७ मध्ये फॉस्टरनं दाखवलं होतं की हा व्हॅलियंट नावाचा पोरगा राक्षसाचा मुखवटा करून लोकांना घाबरवतो. कर्बीनं तो मुखवटाच पात्राचा खरा चेहरा करून टाकला, त्यावर अख्खं पात्र उभं केलं आणि कुठून घेतला ते लपवलं नाही. फॉस्टरकडं ते पोराचं सोंग होतं, कर्बीकडं खराखुरा राक्षस झाला. म्हणजे घेतलेल्या गोष्टीला नवीन काम दिलं. तुझ्या मावळ्याला तू फक्त नवीन कपडे दिलेस.

आता काय करायचं तर रूममेटलाच कामाला लाव. चोरी म्हणतोय ना, मग मदत कर म्हणावं. होस्टेलच्या जिन्याच्या तिसऱ्या पायरीवरून त्याला उडी मारायला सांग, एका हातात ताट दे ढाल म्हणून, तू खाली बसून मोबाईलवर व्हिडिओ घे आणि मग एकेक फ्रेम थांबवून बघ की गुडघे कधी वाकतात, दुसरा हात कुठं जातो. अमेरिकन पान शेजारी राहू दे, त्यातनं सावली कशी दिली ते शीक. आणि एक रविवार एसटीनं साताऱ्याला जा, किल्ल्यावर गाडीरस्ता आहे, दरवाजाच्या बुरुजापाशी बस आणि तिथून खालचं शहर काढ, कारण तुझ्या कॉमिकमधला बुरुज पण मला युरोपातला वाटतोय.

प्रश्न : मिरजेत माझं फ्लेक्स आणि टी-शर्ट प्रिंटिंगचं दुकान आहे. गिऱ्हाईक मोबाईलवर कुठलं तरी कार्टून दाखवतंय आणि म्हणतंय हेच पाहिजे. आमच्या लाईनमध्ये सगळे म्हणतात तीस टक्के बदललं की कॉपीराईट लागत नाही. खरं आहे का?

उत्तर : नाही. तीस नाही, चाळीस नाही, आपल्या १९५७ च्या कॉपीराईट कायद्यात असा कुठलाही टक्का लिहिलेला नाही, हा टक्का दुकानादुकानात तयार झालाय. सुप्रीम कोर्टानं १९७८ मध्ये आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात जी कसोटी सांगितली ती साधी आहे, कल्पनेवर हक्क नसतो, ती मांडण्याच्या पद्धतीवर असतो, आणि दोन्ही बघितल्यावर सामान्य माणसाचं ठाम मत झालं की ही त्याची नक्कल आहे तर ती नक्कल. म्हणजे "जंगलात राहणारा मुखवटेवाला" ही कल्पना घेऊन तुम्ही तुमचा गडी काढा, कुणी काही म्हणणार नाही, पण जांभळा पोशाख, कवटीची अंगठी, डोळ्यावर पट्टी, बाजूला लांडगा असं वेताळाचं सगळं काढून पट्ट्याचा रंग बदलला तर काय उपयोग.

चित्रकार गेल्यानंतरही ६० वर्षं हक्क राहतो. आणि हे नुसतं दिवाणी प्रकरण नाही, जाणूनबुजून केलं तर सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड असं कलम ६३ मध्ये आहे. तुमच्या गल्लीत पोलीस येतील का, बहुतेक नाही येणार, पण मालाची मोठी ऑर्डर घेऊन बाहेर पाठवायला लागलात की मग बघा. त्यापेक्षा मिरज-सांगलीत चित्रं काढणारी पोरं कमी आहेत का, एकाला धरा, डिझाईनमागं पैसे द्या, गिऱ्हाइकाला सांगा हे दुसऱ्या कुठल्याच दुकानात मिळणार नाही.

प्रश्न : आम्ही सांगलीत विश्रामबागला राहतो. माझी मुलगी सातवीत आहे, दिवसभर नारुतो आणि कुठली कुठली जपानी कॉमिक्स मोबाईलच्या स्क्रीनवर कागद ठेवून ट्रेस करते. चित्रकलेच्या बाई एलिमेंट्रीच्या क्लासमध्ये सगळ्यांसमोर म्हणाल्या की ही कॉपी आहे, चित्रकला नाही. तेव्हापासून तिचा चेहरा उतरलाय. तिला थांबवू का?

उत्तर : अजिबात थांबवू नका ताई, आणि बाईंशी भांडायलापण जाऊ नका, त्यांचं अर्धं बरोबर आहे, फक्त सगळ्यांसमोर बोलायला नको होतं.

तुम्ही एक दिवस तिला घेऊन औंधला जा. खटाव तालुक्यातलं औंध, यमाईच्या डोंगरावर जाताना मध्ये श्री भवानी संग्रहालय लागतं. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते, रामायणाची चित्रं त्यांनी स्वतः काढली, आणि १९३८ मध्ये हे संग्रहालय उघडलं. तिथं रविवर्म्याची मूळ चित्रं आहेत, धुरंधरांची आहेत, आणि त्याच छपराखाली युरोपातल्या नामांकित चित्रांच्या नकलाही आहेत. राजेसाहेब चित्रकारांना घेऊन अजिंठ्याला गेले होते आणि तिथल्या भिंतींवरच्या चित्रांच्या नकला करवून घेतल्या होत्या. आता विचार करा, राजानं नकला भिंतीवर लावल्या तर कुणी त्यांना चोर म्हटलं नाही, कारण ती नक्कल आहे हे सगळ्यांना माहीत होतं आणि ज्याला अजिंठ्याला जाणं जमणार नाही त्याला बघायला मिळावं, शिकायला मिळावं हाच हेतू होता. मुलीला हे दाखवून सांगा की तू करतेयस ते लोक फार आधीपासून करत आलेत.

बाईंचं जे अर्धं बरोबर आहे ते असं, की स्क्रीनवर कागद ठेवून गिरवताना हाताला वळण लागतं पण डोळा झोपलेला असतो. रेघ कुठं आहे ते कळतं, का आहे ते कळत नाही. तर एक करायला सांगा, एक चित्र ट्रेस कर, मग मोबाईल बंद करून तेच चित्र दुसऱ्या कागदावर आठवून काढ. जिथं अडकेल, म्हणजे बहुतेक हाताची बोटं नाहीतर केसांचा मागचा भाग, तिथं मोबाईल उघडून नुसतं बघ, परत बंद कर, परत काढ. एलिमेंट्रीला स्मरणचित्राचा पेपर असतोच, त्याची तयारी नारुतोवर झाली तर झाली, परीक्षकाला काय कळणारे! मग तिसऱ्या दिवशी त्याच पात्राला तिच्या वर्गाच्या बाकावर बसवायला सांगा, दप्तर, बाटली, खिडकीसकट. ते चित्र वाकडंतिकडं येईल, तेच जपून ठेवा.

आणि ट्रेस केलेल्या चित्राखाली "किशिमोतोच्या चित्रावरून" (नारुतो काढणारा तो) असं लिहायची सवय आत्ताच लावा. ही सूचना तिच्यापेक्षा घरच्यांना आहे, "आमच्या पिल्लूनं काढलं" म्हणून नातेवाईकांच्या ग्रुपवर तेच चित्र टाकायचं, वर शंभर अंगठे गोळा करायचे, आणि मग पोरीनं खरं कधी सांगायचं?

प्रश्न : वाईहून लिहितोय, वय पासष्ट. इंद्रजाल कॉमिक्सवर आमची पिढी वाढली. आपल्या चित्रकारांनी पण परदेशी चित्रं उचलली का हो, का आपले लोक सज्जन?

उत्तर : काका, सज्जन-दुर्जन मला ठरवता येणार नाही, पण त्या काळी शिकायला दुसरं होतं काय? इंद्रजाल टाइम्सवाल्यांनी १९६४ ला काढलं, ली फाल्कचा वेताळ आणि जादूगार मांड्रेक घराघरात आले, आणि आपल्या पोरांना कॉमिकचं पान कसं रचतात ते तिथंच पहिल्यांदा दिसलं. तेही जसंच्या तसं यायचं नाही बरं का, वर्तमानपत्रातल्या पट्ट्या पुस्तकाच्या पानात बसवायच्या म्हणून चौकटी कापल्या-जोडल्या जायच्या, आणि वेताळाच्या देशाचं मूळ नाव बंगाला, ते आपल्याकडं डेंकाली करून टाकलेलं. म्हणजे मूळ चित्राशी खेळ खुद्द छापणारेच करत होते, तोही परवानगी घेऊन. १९७६ मध्ये आबिद सुरतींचा 'बहादूर' आला, चित्रं गोविंद ब्राह्मणियांची, तेव्हा पहिल्यांदा त्याच पानात जीप, डाकू आणि आपल्याकडचं गाव दिसलं. बांधणी तिकडची पण माणसं इकडची.

पौराणिक चित्रकथांचं म्हणाल तर तिथं उलटा मामला आहे. अमर चित्र कथा १९६७ ची, पण त्यातले देव बघून आपल्याला लगेच ओळखीचे वाटले ते का, कारण रविवर्म्यानं १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला आणि त्याच्या छापील तसबिरी तेव्हापासून आपल्या देवघरात होत्या, मग कॅलेंडरवाल्यांनी त्या गिरवल्या आणि चित्रकथावाल्यांनी कॅलेंडरं बघितली. लक्ष्मी कमळावर कशी उभी राहते हे वाचकाला आधीच पाठ, वेगळी उभी केली असती तर तुम्हीच पत्र टाकून तक्रार केली असतीत. तिथं उचलणं हा वाचकाशी झालेला करारच होता असं मी म्हणेन, वेताळाची पोझ ढापण्यासारखी ती गोष्ट नाही.

तुमच्याकडचे जुने अंक वाळवीपासून सांभाळा, विकायचे असतील तर मला आधी कळवा.

प्रश्न : मी साताऱ्यातला निवृत्त कलाशिक्षक. (पेढे पोचले असतील.) कॉमिकवाल्यानं दुसऱ्याची चौकट उचलली की तो चोर, आणि रॉय लिक्टेनस्टाईन या अमेरिकन चित्रकारानं कॉमिकची चौकट मोठ्या कॅनव्हासवर काढली की ती महान कला, हा कुठला न्याय?

उत्तर : सर, पेढे उत्तम होते. न्याय म्हणून मला काही सापडत नाही, पण ते चित्र नीट बघितलं की एक गोष्ट दिसते ती सांगतो.

त्याचं 'ड्राऊनिंग गर्ल' हे १९६३ चं चित्र घ्या. मूळ चौकट टोनी अब्रुझो या चित्रकाराची, १९६२ च्या 'सिक्रेट हार्ट्स' या प्रेमकथांच्या कॉमिकमधली. मूळ चौकटीत मुलगी पाण्यात बुडतेय, मागं उलटलेल्या होडीला धरून तिचा मित्र आहे, आणि ती मनात म्हणतेय की पायात गोळा आला तरी चालेल, बुडेन पण मॅलला हाक मारणार नाही. लिक्टेनस्टाईननं मित्र काढून टाकला, होडी काढून टाकली, पायातला गोळा काढून टाकला, मॅलचा ब्रॅड केला, आणि लाटा अशा फिरवल्या की जपानी चित्रकार होकुसाईच्या लाटेची आठवण यावी. उरलं काय तर नुसतं रडणं आणि पाणी. म्हणजे गोष्टच काढून टाकली. मघाशी कराडच्या मुलाला मी जे बोललो ते इथं लागू होत नाही, कारण ह्याला पोझकडनं गोष्टीचं काम करून घ्यायचंच नव्हतं, त्याला चौकट स्वतः एक वस्तू म्हणून दाखवायची होती. एवढं श्रेय मी त्याला देतो.

पण मग नावाचं काय? 'व्हॅम' हे त्याचं विमानाचं चित्र, चार मीटर रुंद, लंडनच्या टेट गॅलरीनं १९६६ ला घेतलं, त्याचा आधार अर्व्ह नोविकच्या १९६२ च्या एका युद्ध कॉमिकमधल्या चौकटीचा. नोविक पानावर मजुरी घेऊन काढत होता. चित्राच्या पाटीवर त्याचं नाव पहिल्या दिवसापासून असतं तर लिक्टेनस्टाईनचं काय एवढं कमी होणार होतं? माझ्या मते कॉमिकवाल्यांचा राग पैशापेक्षा ह्याच्यावर आहे, की कॉमिक म्हणजे रस्त्यावर पडलेली वस्तू, ती कुणीतरी माणसानं काढलेली असते हे गृहीतच नाही. तुमचा राग मी त्या खात्यात टाकतो आणि त्या खात्यात तो शंभर टक्के बरोबर आहे.

प्रश्न : फलटणहून. जुन्या गाजलेल्या मुखपृष्ठाची पोझ नवीन मुखपृष्ठावर मुद्दाम वापरतात, ते पण ढापणंच ना?

उत्तर : नाही, तिथं वाचकानं ओळखावं हीच इच्छा असते. १९८५ च्या 'क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स'च्या सातव्या अंकावर सुपरमॅन मेलेल्या सुपरगर्लला हातावर घेऊन उभा आहे, त्याच्या पाच वर्षं आधी एक्स-मेनच्या १३६ व्या अंकावर सायक्लॉप्स जीनला तसाच घेऊन उभा, आणि त्या सगळ्याच्या मागं मेलेल्या येशूला मांडीवर घेतलेली मायकेलअँजेलोची मरियम बसलेली आहे, पंधराव्या शतकाच्या शेवटची. बरेच चित्रकार अशा चित्राखाली स्वतःच्या सहीसोबत "अमक्याच्या चित्रावरून" असं मूळ चित्रकाराचं नाव लिहितात. साधी कसोटी हीच, की ओळखलं तर काढणारा खूश होतो का घाबरतो.

प्रश्न : विट्याहून एक ओळ : एआयला सांगून अमक्याच्या स्टाईलमध्ये कॉमिक काढलं तर ते कुणाचं?

उत्तर : कुणाचं ते कोर्टं ठरवतील, तुमचं नाही एवढं मी आत्ताच सांगतो. ज्या माणसाचं नाव तुम्ही मशिनला दिलंत त्यानं ती रेघ कमवायला आयुष्य घातलंय. तुमच्या कॉमिकमध्ये शेवटी सही टाकणार असाल तर कुणाची टाकणार तेवढं ठरवा.

प्रश्न : मी तासगावची, लहान मुलांच्या पुस्तकांची चित्रं काढते. द्राक्षबागेतल्या एका मुलीची चित्रकथा केली होती. परवा दुसऱ्या एका प्रकाशनाच्या पुस्तकात माझीच मुलगी दिसली, उलटी फिरवलेली आणि फ्रॉकचा रंग बदललेला, बाकी मांडवाच्या तारा, घड तोडायची कात्री सगळं तेच. चित्रकाराचं नाव दुसरंच. मैत्रीण म्हणते लगेच फेसबुकवर टाक, अख्खी इंडस्ट्री बघू दे. काय करू?

उत्तर : आधी फेसबुक बंद करा आणि दोन्ही पुस्तकं टेबलवर घ्या.

तुम्ही पाठवलेले दोन्ही फोटो मी मोठे करून बघितले. उलटं करणाऱ्याची नेहमी एक पंचाईत होते, शरीर उलटं होतं पण जग उलटं होत नाही. तुमच्या चित्रात ती मुलगी कात्री उजव्या हातात धरते, त्यांच्या चित्रात ती डावरी झाली, आणि पुढच्याच पानावर, जे त्यांनी स्वतः काढलेलं दिसतंय, ती परत उजव्या हातानं पाटीवर लिहितेय. तुमच्या चित्रात डाव्या चपलेचा अंगठा तुटून दोरीनं बांधलाय, तीच दोरी त्यांच्याकडं उजव्या पायात, आणि तुमच्या गोष्टीत त्या तुटक्या चपलेला कारण आहे, ती बांधावरून धावताना तुटली. त्यांच्या गोष्टीत धावणंच नाही. मग दोरी आली कुठून? हे दोन मुद्दे आणि मांडवाच्या तारांचं अंतर, एवढं पुरे. दोन्ही चित्रं एकाच मापाची करून, त्यांचं परत उलटं फिरवून, एकावर एक ठेवून एक पान तयार करा, बोलण्यापेक्षा ते पान जास्त बोलेल.

फेसबुकची घाई का नको तर जपानमध्ये काय झालं बघा. २००५ मध्ये वाचकांनी युकी सुएत्सुगु या मांगा (जपानी कॉमिक) चित्रकर्तीची पानं दुसऱ्याच्या 'स्लॅम डंक' या मांगातल्या बास्केटबॉलच्या पानांशेजारी ठेवून इंटरनेटवर टाकली, तिनं मान्य केलं, आणि कोदांशा या प्रकाशकानं तिची सगळी पुस्तकं बाजारातून मागं घेतली, चालू मालिका बंद. पुढं २००७ मध्ये ती 'चिहायाफुरू' घेऊन परत आली, कारुता नावाच्या पत्त्यांच्या खेळावर, आणि २००९ चा मांगा ताइशो पुरस्कार तिलाच मिळाला. ज्या खेळाची चित्रं आयती मिळणं अवघड असाच खेळ तिनं घेतला हा मला योगायोग वाटत नाही, पण ते माझं मत. अमेरिकेत १९८६ मध्ये कीथ गिफेनच्या चौकटी अर्जेंटिनाच्या होजे मुन्योसच्या चौकटींशेजारी एका मासिकानं छापल्या होत्या, तोही गडी नवखा नव्हता, नावाजलेला होता, आणि पुढंही काम करत राहिला. सांगायचं म्हणजे पुरावा भक्कम असेल तर तो महिन्यानंही भक्कमच राहतो, आणि उचलणारा कधी कधी एखादा तिशीतला पोरगा असतो ज्याला प्रकाशकानं आठवड्यात चाळीस पानं मागितली होती. पाप तेवढंच, पण पत्र कुणाला लिहायचं ते बदलतं. तुम्ही पत्र प्रकाशकाला लिहा, चित्रकाराला प्रत.

त्याआधी तुमच्या पहिल्या प्रकाशकाशी काय लिहून झालंय ते काढा, करार, ईमेल, व्हॉट्सॲप, जे असेल ते. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी द्यावे लागतात, आणि किती वर्षांसाठी ते लिहिलं नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो, त्यामुळं हक्क आज तुमच्याकडं आहेत का त्यांच्याकडं हे आधी बघा, त्यांच्याकडं असतील तर त्यांनाही सोबत घ्या. पैशाचे हक्क गेले असले तरी "हे माझं चित्र आहे" म्हणायचा हक्क कलम ५७ प्रमाणं तुमचाच राहतो, तो कुणी विकत घेऊ शकत नाही.

मग कच्ची स्केचेस शोधा. पेन्सिलची असतील तर उत्तम, मागं तारीख असेल तर त्याहून उत्तम, टॅबलेटवर काढलं असेल तर लेयरसकट मूळ फाईल कॉपी करून दुसरीकडं ठेवा, ती उघडून परत सेव्ह करू नका नाहीतर तारीख बदलेल. पत्रात रागाचं एक अक्षर लिहू नका. दोन्ही पानांचे फोटो, तुमच्या पुस्तकाचं वर्ष, आणि तीन मागण्या : शिल्लक प्रतींत चिठ्ठी चिकटवून आणि पुढच्या आवृत्तीत छापून तुमचं नाव, ठरवून मानधन, आणि लेखी उत्तर. पंधरा दिवसांची मुदत द्या, स्पीड पोस्टानं पाठवा, पावती फाईलला लावा. उत्तर आलं नाही तर वकिलाकडं जाताना ती फाईल तशीच उचलून न्यायची, आणि मैत्रिणीला तेव्हा सांगा की आता टाक फेसबुकवर.